आईने ओटीपी दिला नाही

माझ्या आईने एकाच दुपारी मला चार वेळा ब्लॉक केलं, आणि चारही वेळा तिचं बरोबर होतं.

हे मी आज मोठ्या मनाने लिहितोय. त्या दुपारी मन एवढं मोठं नव्हतं. त्या दुपारी मी घरापासून पाच-सहा तासांच्या अंतरावर, एका कृषी महाविद्यालयाच्या खिडकीसमोर उभा राहून फोनमध्ये ओरडत होतो, "आई, मीच आहे गं! मीच!" मागे रांगेत उभे असलेले पालक आपापल्या मुलांना माझ्यापासून हळूच लांब घेत होते.

पण सुरुवातीपासून सांगतो, म्हणजे चूक नेमकी कुणाची ते कळेल. (माझीच आहे. तरी सांगतो.)

आम्ही सानपाडा गावातले. जन्मापासून तिथेच. मी रबाळ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. कुठला बोल्ट कुठल्या कप्प्यात, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. घरात मात्र सगळा सावळागोंधळ. लग्नाचे फोटो बायकोच्या फोनमध्ये, मुलीच्या मार्कशीट माझ्या मेलमध्ये, घरपट्टीची पावती कुणाच्या तरी पेनड्राइव्हवर, आणि तो पेनड्राइव्ह कुणाच्या तरी पँटच्या खिशात धुऊन निघालेला. शेवटी मी एक डबा आणला. काळा, जेवणाच्या डब्याएवढा, पोटात दोन हार्डडिस्क. घरच्या वायफायला जोडला की सगळ्यांच्या फायली एका जागी! आणि घराबाहेर असलात तरी इंटरनेटवरून त्या उघडता येतात!

माझी बायको सुषमा सीवूड्सला शाळेत शिकवते. ती म्हणाली, "अहो, लोक हे सगळं क्लाऊडवर ठेवतात ना?"

"दुसऱ्याच्या घरात आपलं कपाट कशाला?" मी म्हणालो. "आपला क्लाऊड आपल्या घरी!"

हे वाक्य मला इतकं आवडलं की पुढचे दोन महिने मी ते भेटेल त्याला ऐकवलं. आईने डब्याला हळदकुंकू लावलं, वर जास्वंदीचं फूल ठेवलं. (फुलाचं पाणी आत जाईल म्हणून मी ते काढलं. तिने परत ठेवलं. मी परत काढलं. आता फूल शेजारी असतं.) मी सीवूड्सच्या मॉलमध्ये डोसा खाता खाता घरच्या डब्यातले फोटो उघडून शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी कुटुंबाला दाखवले. त्यांनी बिचाऱ्यांनी आमच्या मुलीचं बारसं शेवटपर्यंत पाहिलं.

ही फुशारकी एक दिवस वाघमारे मॅडमपर्यंत पोचली. या आमच्या शेजारीण, मूळच्या नांदेडकडच्या. कंपन्यांच्या कॉम्प्युटरमध्ये चोर शिरू नयेत हे बघणं, हीच त्यांची नोकरी. त्या चहाला आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "दादा, बाहेरून डबा उघडता ते ठीक आहे. पण कसा उघडता?"

"सोपं आहे! राउटरला सांगून ठेवलंय, बाहेरून कुणी आलं की थेट डब्याकडे पाठव."

"कुणीही?"

"कुणीही म्हणजे... मी."

"ते तुम्हीच आहात, हे राउटरला कसं कळतं?"

या प्रश्नावर मी बिस्किटाची बशी पुढे केली. मॅडमनी बिस्किट घेतलं नाही. माझा लॅपटॉप घेतला आणि डब्याची एक यादी उघडली, जी मी जन्मात कधी उघडली नव्हती. दाराशी येऊन गेलेल्यांची यादी. पानंच्या पानं! कुठल्या कुठल्या देशांतली माणसं, मिनिटामिनिटाला, वेगवेगळे पासवर्ड घालून आमचं दार ढकलून बघत होती.

"पासवर्ड काय ठेवलाय?" मॅडमनी विचारलं.

मी त्यांच्या कानात सांगितला. त्यांनी डोळे मिटले. (मोटरसायकलचा नंबर होता.)

आई हे सगळं पाटावर बसून ऐकत होती. ती म्हणाली, "येवरी लोका आपल्या दारावं येतान, आन मना कुनी सांगलाच नाय? चाय तरी ठेवली असती."

मॅडमनी त्याच दिवशी ते उघडं दार बंद केलं. मग त्यांनी मला व्हीपीएन बसवून दिलं. त्यांच्या शब्दांत, हा आपल्या फोनपासून आपल्या घरापर्यंतचा खासगी बोगदा. रस्त्यावरच्यांना त्याचं तोंडच दिसत नाही, किल्ली असेल तोच आत. पासवर्ड असा केला की तो मलाच टाइप करायला दीड मिनिट लागतं. आणि शेवटची कडी म्हणजे ओटीपी. अनोळखी फोनवरून कुणी डबा उघडायला गेलं, तर डबा सहा आकड्यांचा कोड एका ठरलेल्या नंबरावर पाठवणार. कोड पाच मिनिटं जिवंत. तो घातल्याशिवाय प्रवेश नाही.

"कुठल्या नंबरावर पाठवायचा?" मॅडमनी विचारलं. "तुमच्या?"

इथे माझ्यातला स्टोअरकीपर जागा झाला. "माझा फोनच चोरीला गेला तर? कुलूप आणि किल्ली एकाच खिशात? कोड आईच्या फोनवर पाठवा. तो फोन घराबाहेर जातच नाही."

मॅडम जरा घुटमळल्या. "कल्पना चांगली आहे हो, पण मावशींना कुणी फसवलं तर?"

"आईला मी तयार करतो," मी म्हणालो.

आणि केली! आयुष्यात मी एकच गोष्ट पूर्ण यशस्वीपणे शिकवली असेल तर ती ही. पहिल्या परीक्षेला कारखान्यातल्या मित्राच्या फोनवरून, आवाज बदलून, बँकेचा साहेब होऊन मी आईला फोन केला. तिने साहेबाला कोड दिला, तब्येत विचारली आणि रविवारी जेवायला बोलावलं. संध्याकाळी मी तिला असं काही फैलावर घेतलं की विचारू नका. "ओटीपी कुणालाही सांगायचा नाही! बँकवाला असो, पोलीस असो, वाघमारे मॅडम असोत, सुषमा असो. मी स्वतः मागितला तरी नाही!"

"तुना पन नाय?"

"मलापण नाही. आता कॉम्प्युटर माणसाचा आवाज काढतो, आई. हुबेहूब माझ्यासारखं बोलेल. रडेल. घरात कुणीतरी अडचणीत आहे म्हणेल. विश्वास ठेवायचा नाही!"

"मंग तू हायस का तो कापूटर, मना कलनार कसा?"

"असं काहीतरी विचार, जे फक्त घरच्यालाच माहीत असेल. आणि संशय आला की नंबर ब्लॉक." ब्लॉक कसा करायचा तेही मी तिला दाखवलं. तीनदा दाखवलं. तिने पाठ केलं.

पुढच्या महिन्यात मी पाच वेळा आवाज बदलून फोन केले. एकदा बाईचाही आवाज काढला. पाचही वेळा तिने मला शिव्या घालून ब्लॉक केलं. मी खूश होतो. आईची दृष्टी अधू झालीय, पण तिच्या निश्चयाला काहीही झालेलं नाही, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

आता मुलीबद्दल. आमची ऋतुजा बारावीनंतर म्हणाली, "पप्पा, मला अ‍ॅग्री करायचंय. शेतीची डिग्री."

मला हसू आलं. आमच्याकडे शेती उरलीय कुठे? आईने जिथे वाकून लावणी केली, तिथे आता सेक्टर आहे, सिग्नल आहे, आणि एक मोठा शोरूम आहे. मी म्हणालो, "अगं, तुला कुंडीत भात लावायचाय का?" आई मात्र हसली नाही. जमिनी गेल्यापासून शेताचं नाव न काढलेली ही बाई त्या दिवसापासून रोज संध्याकाळी नातीला घेऊन बसायला लागली. खारजमीन म्हणजे काय, बांध फुटला की काय करायचं, कुठलं भात खाऱ्या पाण्यात तगतं. दोघींची तासन् तास बडबड. मी त्याच खोलीत असायचो. डब्यातल्या फायलींना नावं देत.

मुलीला पहिल्याच यादीत मनासारखं कॉलेज मिळालं. कागदपत्रं दाखवून प्रवेश पक्का करायला आम्ही दोघं निघालो. शेवटचा दिवस होता, दुपारी चारला खिडकी बंद. आईने नातीच्या हातावर दही ठेवलं आणि मला विचारलं, "कागदा घेतलीस का समदी?"

"आई," मी दयाळूपणे हसलो, "आता कागद कोण नेतं? सगळं डब्यात आहे. जगात कुठूनही उघडेल."

तरी सुषमाने एक प्लॅस्टिकची फाइल जबरदस्तीने बॅगेत कोंबली. त्या फायलीमुळे निम्मी लाज वाचली. उरलेल्या निम्म्या लाजेची ही गोष्ट.

तीन वाजता आमचा नंबर लागला. खिडकीतल्या बाईंनी एकेक कागद पाहिला, आणि नॉन-क्रीमीलेयरच्या दाखल्यावर त्यांचं बोट थांबलं. "हा मार्चअखेर संपलाय. नवीन काढलाय का?"

"काढलाय की! मागच्याच महिन्यात!"

"मग द्या."

"घरी आहे. म्हणजे इथेच आहे. म्हणजे घरी आहे, पण इथे उघडतो!"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "ऑनलाइन सहीचा असेल तर प्रिंट चालेल. पण चारच्या आत. नाहीतर सीट पुढच्याला जाते, त्यात मी काही करू शकत नाही."

मी ऐटीत फोन काढला. नवाकोरा फोन. परवाच घेतलेला, जुना दुकानात देऊन. बोगद्याची किल्ली आदल्या रात्रीच त्यात भरून ठेवली होती. बोगदा उघडला. दीड मिनिटाचा पासवर्ड टाइप केला. डबा म्हणाला: हा फोन ओळखीचा नाही. ठरलेल्या नंबरावर कोड पाठवला आहे.

ऋतुजाने स्क्रीनकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "पप्पा, कोड आजीकडे गेलाय."

"मग? आपलीच आजी आहे!" मी म्हणालो आणि फोन लावला.

"कोन बोलतंय?"

"आई, मी बाळू. ऐक, तुझ्या फोनवर आता एक मेसेज आलाय, सहा आकडे आहेत, ते पटकन सांग."

पलीकडून आईचा तो आवाज, जो मी इतकी वर्षं फक्त कोळणीशी भाव करताना ऐकला होता. "कंचा बालू?"

"तुझा मुलगा!"

"माजा बालू घाईघाईत बोलत नाय. तो फोन केला का पयली आपली टिमकी वाजवतो."

"आई, ऋतुजाची अ‍ॅडमिशन अडलीय गं! चार वाजता..."

"हाव! पोरीचा नाव घेऊन ररायचा! माज्या पोरानी सांगून ठेवलंय मना, चोर असाच बोलतंय!" आणि फोन बंद. परत लावला. लागेना. नंबर एक ब्लॉक.

सुषमाला फोन केला. तास चालू असताना तिचा फोन कपाटात असतो. सरकारी साइटवरून दाखला पुन्हा काढावा म्हटलं, तर त्या साइटचा पासवर्ड मी नीट जपून ठेवला होता. डब्यात.

"पप्पा, मला बोलू द्या ना आजीशी," ऋतुजा म्हणाली.

"तू थांब! मी बोलतोय ना! तुझा फोन दे." तिच्या फोनवरून लावला. आईने लाडात उचलला, "बोल गो बाय!" आणि मी म्हणालो, "आई, मीच आहे."

जी किंकाळी आली ती खिडकीच्या आतल्या बाईंनीही ऐकली. "मेल्या! माज्या नातीचा फोन चोरलास! पोर कवाची गेलीय कालेजात, तिच्या केसाला धक्का लागला ना..." नंबर दोन ब्लॉक. आता ऋतुजालाही आजीशी बोलण्याचा मार्ग उरला नाही. तिने फक्त घड्याळ पाहिलं. सव्वातीन.

मागे सांगलीकडचे एक सज्जन उभे होते, मुलाला घेऊन आलेले. त्यांना दया आली. "माझ्या फोनवरून लावा की." मी म्हटलं, तुम्हीच बोला, माझा आवाज ऐकला की ती पेटते. ते बोलले. फार अदबीने बोलले. "नमस्कार आई, मी तुमच्या मुलाचा मित्र..." पुढचं अर्धं मिनिट ते नुसते ऐकत होते. कान लाल झाले. फोन खाली ठेवून म्हणाले, "आमच्या सात पिढ्या काढल्या हो." नंबर तीन ब्लॉक.

चौथा फोन खिडकीतल्या बाईंनी केला, ऑफिसच्या लँडलाइनवरून. "मी कॉलेजमधून बोलतेय." आईने त्यांना विचारलं म्हणे, "किती चोर हाव गो तुमी तिथं? बायका पन ठेवल्यान?" नंबर चार. त्या कॉलेजमधून आजही आमच्या घरी फोन लागत नाही.

साडेतीन. मी भिंतीला टेकून खाली बसलो. इतका वेळ मी चिडलेला होतो, आता भीती वाटायला लागली. पोरीची दोन वर्षांची मेहनत, आणि ती जाणार कशामुळे? माझ्या शहाणपणामुळे. बाकीचे बाप हातात कागद घेऊन आले होते. साधे, मळके, कोपरे दुमडलेले कागद. मला त्या कागदांचा हेवा वाटला.

आणि माझा फोन वाजला. वाघमारे मॅडम! "दादा, सावध राहा. तुमच्या आवाजात कुणीतरी मावशींना सारखे फोन करतंय. मोठी टोळी दिसते, चार-चार नंबर आहेत, त्यात एक बाईसुद्धा आहे. मावशी आत्ता माझ्याकडे येऊन सांगून गेल्या. काय पक्क्या आहेत हो, एक आकडा दिला नाही!"

"मॅडम," मी म्हणालो, "ती टोळी मीच."

मॅडम हसल्या नाहीत. ही त्या बाईची थोरवी. सगळं ऐकून घेतलं आणि चपला घालून त्या आमच्या घरी गेल्या. मी फोन कानाला लावून ऐकत होतो.

"मावशी, ते खरंच दादाच आहेत. त्यांना कोड द्या."

"तुना पन फसवला गो त्यानी!" आईच्या आवाजात मनापासून कळवळा होता. "शिकलेली पोर तू. बस, पानी पी."

"अहो मावशी, मी स्वतः त्यांच्या नंबरावर फोन केलाय."

"बालूनी सांगलंय, वाघमारे बायला पन द्यायचा नाय. तुजा नाव घेऊन सांगलंय."

मॅडम दबक्या आवाजात मला म्हणाल्या, "दादा, चहा मिळाला, कोड मिळणार नाही. फोन कमरेला खोचलाय त्यांनी. खरं सांगू? आमच्या कंपनीत लाखाची यंत्रं लावून आम्ही शेवटी अशीच एक व्यक्ती शोधत असतो. सापडत नाही."

"ते ठीक आहे मॅडम, पण वीस मिनिटं राहिलीत!"

मग मॅडमनी त्यांचा फोन स्पीकरवर टाकून आईसमोर ठेवला. तो ब्लॉक करणं आईच्या हातात नव्हतं. मीही माझा स्पीकरवर टाकला. "मावशी, तुम्हीच काय ते विचारून खात्री करा."

"इचारते," आई म्हणाली. "तीनच सवाल इचारते. सांग रं चोरा. माजा कंचा गुरगा दुखतंय?"

मी रबाळ्याला बसून हजार कप्प्यांचा हिशोब ठेवणारा माणूस. रोज सकाळी तिचा "आई गं" ऐकतो. "उजवा गुडघा!" मी म्हणालो, आणि लगेच भर घातली, "डावा! दोन्ही!"

"गुरगं माजं ठणठणीत हान. कंबर दुखते. दोन वरसा झाली. दुसरा. खारीत आमी कंचा भात लावायचो?"

भात? मला पिशवीवरची नावं आठवायला लागली. "कोलम!"

रांगेतल्या सांगलीकरांनी कपाळाला हात लावला.

"कोलम दुकानात मिलतंय," आई थंडपणे म्हणाली. "तिसरा. काल राती जेवाला काय होता?"

हे तर मला यायलाच हवं होतं! काल रात्री मी जेवलो होतो. समोर ताट होतं. ताटाशेजारी नवा फोन होता. फोनमध्ये कुठली सेटिंगं केली ते मी आजही ओळीने सांगेन. "वाल," मी म्हणालो.

आई हळू आवाजात म्हणाली, "पोर हाय का तुज्याजवल? तिला फोन दे."

ऋतुजाने माझ्या हातातून फोन अक्षरशः ओढून घेतला. तीनला मागितलेला फोन तिला पावणेचारला मिळाला. "आजी!"

"सांग गो."

"कंबर दुखते तुझी. डाव्या बाजूला जास्त. मी रोज तेल लावते, आज पप्पांमुळे राहिलं. खारीत तुम्ही राता लावायचात, लाल तांदळाचा, आणि बांध फुटला तर आजोबा रात्रभर चिखल थापायचे. आणि काल निवटी मासळीचं कालवण होतं. पप्पांनी दोनदा मागून घेतलं. मला मधली निवटी पाहिजे होती, तू त्यांना दिलीस!"

आई हसली. फोनमधून ते हसू अख्ख्या रांगेला ऐकू गेलं. ही सगळी बोलणी माझ्यासमोर झालेली. मी त्याच खोलीत होतो. राता हा शब्द माझ्या बापाच्या तोंडचा, आणि तो माझ्या मुलीला ठाऊक होता, मला नाही. चार वाजायला पंधरा मिनिटं असताना, परक्या गावी, मला माझ्या आईचा आणि माझ्या मुलीचा इतका अभिमान वाटला की स्वतःची लाज वाटायला जागाच राहिली नाही. (ती नंतर गाडीत वाटली. सविस्तर.)

"लिवून घे," आई म्हणाली. "आन तुज्या बापाला दाखवू नको!"

मुलीने नवा कोड मागवला, स्पीकरचा आवाज बारीक केला, माझ्याकडे पाठ केली, एका हाताने स्क्रीन झाकली आणि आजी सांगेल तसा एकेक आकडा घातला. आई प्रत्येक आकडा दोनदा वाचत होती. डबा उघडला! दाखला मिळाला. (फायलीला नाव मात्र मी चोख दिलं होतं. एवढं श्रेय मला द्या.) सांगलीकर प्रिंटसाठी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत आमच्यापुढे धावले. चारला सहा मिनिटं कमी असताना खिडकीतल्या बाईंनी शिक्का मारला आणि मुलीला म्हणाल्या, "अभिनंदन. आजीला सांग, इथे आम्ही चोर नाही."

दुसऱ्या दिवशी घरी आलो तेव्हा आईने नातीची अलाबला घेतली, तिला जवळ बसवलं आणि म्हणाली, "लागली गो माजी पोर शेतीला!" डोळे पुसले. मला म्हणाली, "हातपाय धू."

वाघमारे मॅडम पेढे घ्यायला आल्या होत्या. त्यांनी तिथल्या तिथे नवीन व्यवस्था लावून दिली. कोड आता ऋतुजाच्या आणि आईच्या, दोघींच्या फोनवर जातो. महत्त्वाच्या दाखल्यांच्या छापील प्रती सुषमाच्या फायलीत. आणि डब्यावर माझं जे मालकाचं खातं होतं ते मॅडमनी काढून मला साधं खातं दिलं. फायली बघू शकतो. पुसायच्या असतील तर आईला विचारावं लागतं. मी तक्रार केली नाही. लायक माणसाच्या हातात कारभार गेला की आपण बाजूला व्हावं, एवढी अक्कल मला त्या एका दुपारी आली होती.

फक्त एक गोष्ट मनात टोचत होती. रात्री आईच्या कमरेला तेल लावता लावता (हो, मी! ऋतुजाने डावी बाजू दाखवून दिली) मी विचारलं, "आई, खरं सांग. माझा आवाज तुला ओळखू आला नाही?"

"पयल्या टायमाला नाय. मना चोरच वाटला."

"मग नंतर?"

"नंतर वलकला ना. म्हनून तं पोरीला फोन द्यायला सांगला."

मला भरून आलं. शेवटी आई ती आई! "कशावरून ओळखलंस गं?"

"तिन सवाल इचारलं, एक पन जवाब आला नाय," आई उशीवर हनुवटी टेकवून म्हणाली. "चोर असता तं थोरा तरी शिकून आला असता."

माझी ओळख पटवायची याहून पक्की पद्धत अजून कुठल्या कंपनीला सापडलेली नाही, असं वाघमारे मॅडमचंही मत पडलं.